तिथे नेऊ नकोस

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घरी मातीनंतरच्या प्रार्थनेला गेलो होतो. घरातला तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या आईचे माहेर प्रॉटेस्टंट आणि सासर कॅथलिक, त्यामुळे ओटीवर दोन्हीकडचे नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या. भाकरीचे मागणे झाले, क्षमेचे झाले, आणि त्यापुढच्या मागण्यापाशी आवाज फुटले. एका बाजूने ‘परीक्षा’ हा शब्द आला, दुसऱ्या बाजूने ‘मोह’. तेवढ्यापुरत्या दोन वेगळ्या प्रार्थना चालल्या आणि ‘आमेन’ला पुन्हा एक झाल्या. मुलाची आई मात्र त्या मागण्याला गप्प राहिली होती.

माणसे पांगल्यावर ती मला म्हणाली, “सकाळी एक जण सांगून गेले, देव तुझी परीक्षा बघतोय, खचू नको. भाऊ, मी लहानपणापासून रोज हेच मागत आलेय ना, की परीक्षेला नेऊ नको म्हणून? मग माझं मागणं गेलं कुठं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. पण तिच्या प्रश्नाने मला त्या एका मागण्यापाशी थांबवले. आपण ते इतक्या सवयीने म्हणतो की त्यातली भीती आपल्याच कानावर पडत नाही. ते मागणे नेमके काय मागते, कोणाच्या तोंडून मागते आणि कोणासाठी मागते, हे नीट पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. त्या सकाळी तिला जे सांगितले गेले ते चूक होते, आणि ती रोज म्हणत आलेली प्रार्थनाच त्याला साक्षी होती.

एक शब्द, दोन दारे

‘परीक्षा’ म्हणणारे आणि ‘मोह’ म्हणणारे, दोघेही बरोबर आहेत. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही प्रार्थना ग्रीक भाषेत आली आहे आणि तिथला शब्द आहे ‘पेइरास्मोस’. कस लावून पाहणे हा त्याचा एक अर्थ, भुलवून पाडणे हा दुसरा. त्यामागे उभ्या असलेल्या ‘निस्सायोन’ या हिब्रू शब्दातही पारख आणि अडचणीची घडी हे अर्थ एकत्र नांदतात. मराठीने मात्र हे दोन अर्थ दोन घरांत ठेवले. सोनार दगडावर सोने घासतो ती कसोटी. कोळी गळाला लावतो ते आमिष. परीक्षकाला विद्यार्थी उतरावा असे वाटते, गळ टाकणाऱ्याला मासा अडकावा असे वाटते. हेतू इतके वेगळे असताना शब्द एक कसा चालेल, असे आपल्या भाषेला वाटले असावे.

म्हणून मराठीत बायबल आणणाऱ्या प्रत्येकाला या शब्दापाशी एक दार उघडताना दुसरे लोटून घ्यावे लागले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत मूळ भाषांतून सगळे बायबल उतरवले, आणि ते काम हातावेगळे करून १९२२ साली त्या गेल्या. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केले. एवढ्या मेहनतीच्या माणसांनाही जो शब्द दोन्ही अर्थांसह मराठीत आणणे अवघड, त्याच्यापाशी आपण थोडे थांबायला हवे.

कारण जगताना हे दोन अर्थ वेगळे राहत नाहीत. येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांचेच पाहा. मत्तय सांगतो की त्याला रानात नेले पवित्र आत्म्याने, आणि भुलवायला आला सैतान. प्रसंग एकच, पण एका बाजूने ती कसोटी आहे आणि दुसऱ्या बाजूने आमिष. चाळीस दिवसांच्या उपासाने आलेली भूक ही परीक्षा. त्याच भुकेपुढे धोंड्यांच्या भाकरी करण्याचा मोह. येशू तीन वेळा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या एकाच पुस्तकातली आहेत. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात हिंडले, ते हिंडणे देवाने त्यांच्या अंतःकरणाची केलेली पारख होती, असे सांगणारे ते पुस्तक आहे. तेव्हा ‘पेइरास्मोस’मध्ये दोन अर्थ आहेत ते शब्दांच्या टंचाईमुळे नव्हेत. जिथे माणसाचा कस लागतो तिथेच त्याच्या घसरण्याची जागा असते, हे त्या शब्दाला ठाऊक आहे.

बापाला असे म्हणावे का?

आता अडचण येते ती क्रियापदाची. ग्रीक क्रियापद सरळ ‘आत नेणे’ असे आहे. देवाने आपल्याला मोहात नेऊ नये अशी विनवणी करायची, म्हणजे तो एरवी नेतो असे झाले नाही का? डिसेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका इटालियन दूरचित्रवाणी मुलाखतीत हीच खंत बोलून दाखवली. मुलाला ढकलून देऊन तो कसा पडतो हे बघत बसणारा बाप नसतो, ते काम सैतानाचे, अशा आशयाचे ते बोलले. त्याच महिन्याच्या ३ तारखेपासून फ्रान्समधल्या कॅथलिकांनी १९६६ पासून चालत आलेले शब्द बदलले आणि मोहात शिरू देऊ नको अशा अर्थाचे शब्द घेतले. इटलीत २०२० च्या नव्या मिस्सा-ग्रंथात, मोहाच्या हाती आम्हाला सोडून देऊ नकोस, असा बदल आला. जर्मन बिशपांनी मात्र जानेवारी २०१८ मध्ये जुनेच शब्द ठेवायचे ठरवले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज प्रार्थनांत ‘पडू देऊ नकोस’ हा भाव आधीपासूनच आहे.

ही अस्वस्थता आजची नाही. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेज इथल्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने या मागण्याचा अर्थ, आम्हाला नेले जाऊ देऊ नको, असा लावला. पन्नास वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने प्रार्थनेची ओळच तशी लिहिली. पुष्कळ लोक तसे म्हणतात, असे संत ऑगस्टीनने नोंदवून ठेवले आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलला तिच्या क्रियापदांत ‘नेणे’ आणि ‘जाऊ देणे’ यांच्यातली रेघ पुसट असते, असे काही अभ्यासक दाखवून देतात. याकोबाचे पत्र तर निःसंदिग्धपणे सांगते की देव कोणाला पापाचा मोह घालत नाही.

हे सगळे मला मान्य आहे. तरीही शब्द मऊ करण्याच्या या धडपडीत एक गोष्ट हातातून निसटते असे वाटते. देव कसा आहे याचा खुलासा आपण घाईने करतो आणि मागणारा कसा आहे हे पाहायचे राहून जाते. लहान मूल बापाचे बोट धरून शेतातून चाललेले असते. पुढे कठडा नसलेली विहीर दिसते आणि ते बोट घट्ट धरून म्हणते, बाबा, तिकडे नको नेऊ. बाप आपल्याला विहिरीत टाकणार आहे असा आरोप त्या शब्दांत नसतो. विहीर खोल आहे, माझा पाय घसरतो आणि वाट तू ठरवतोस, एवढेच त्यात असते. हा विश्वासाचाच उद्गार आहे, फक्त तो भ्यालेल्या विश्वासाचा आहे. भीती बापासमोर बोलून दाखवायची मुभा त्याला आहे. ती मुभा आपण व्याकरण दुरुस्त करून काढून घेऊ नये.

श्रियाळाच्या घरात वाढलेले आपण

मराठी माणसाला हे मागणे समजायला अवघड जाते याचे आणखी एक कारण आहे. आपण सत्त्वपरीक्षेच्या कथांवर वाढलो आहोत. अतिथी होऊन आलेल्या शिवाने श्रियाळ आणि चांगुणेकडे त्यांच्या चिलयाचे मांस मागितले, आणि त्या आईने पोटच्या पोराचे डोके उखळात कांडले. हरिश्चंद्र राज्य देऊन डोंबाघरी राबला. देव सत्त्व पाहतो, हे वाक्य आपल्याकडे सांत्वन म्हणून बोलले जाते. कुंतीने तर कृष्णाकडे विपत्तीच मागितली, म्हणजे त्याचे स्मरण राहील. ख्रिस्ती झालेल्या मराठी घरांनी देव्हारा बदलला, पण कथा ऐकण्याचा कान तोच राहिला. म्हणून अब्राहामाने इसहाकाला डोंगरावर नेले ती कथा आपल्याला चटकन भिडते. ती आपल्या ओळखीची वाटते.

या कथांमध्ये मोठे सत्य आहे आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्यांच्यातून एक अपेक्षा मनात रुजते: भक्त मोठा तर परीक्षा मोठी, आणि जो उतरला तोच खरा. या अपेक्षेपुढे येशूने शिकवलेले मागणे पडेल आवाजातले वाटते. तो आपल्या माणसांना, देवा, आम्हाला कसाला लाव आणि बघ, असे म्हणायला शिकवत नाही. तिथे नेऊच नकोस असे म्हणायला शिकवतो.

हे शिकवणे ज्या यहुदी मातीतले आहे तिथे त्याचे मूळ सापडते. स्तोत्रसंहितेतल्या २६ व्या स्तोत्रात दावीद देवाला आपली पारख करायला सांगतो. त्यावर तालमूदमधले रब्बी एक कथा सांगतात. दावीदाने विचारले, लोक अब्राहामाचा देव म्हणतात, इसहाकाचा देव, याकोबाचा देव म्हणतात, मग दावीदाचा देव असे का म्हणत नाहीत? देव म्हणाला, त्यांची पारख झाली आहे, तुझी नाही. दावीद म्हणाला, मग माझी कर. त्यानंतर आले बथशेबाचे प्रकरण: परस्त्रीचा मोह आणि तो झाकण्यासाठी तिच्या नवऱ्याचा घात. रब्बींनी काढलेला बोध असा की माणसाने आपण होऊन कसोटीच्या हाती जाऊ नये. यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत पापाच्या, कसोटीच्या आणि अपमानाच्या हाती देऊ नको असे आजही मागितले जाते. येशूने शिष्यांना दिलेले मागणे याच शहाणपणाच्या जवळचे आहे. मी अब्राहाम नाही, चांगुणा नाही, हे देवासमोर कबूल करणाऱ्याचे ते मागणे आहे.

येशू त्याच्या शेवटच्या रात्री गेथशेमाने बागेत हेच पुन्हा सांगतो. जागे राहा, प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही या ‘पेइरास्मोस’मध्ये शिरणार नाही, असे त्याचे सांगणे होते. ज्या पेत्राला हे सांगितले त्याने थोड्याच वेळापूर्वी, बाकीचे सारे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे छातीठोकपणे म्हटले होते. तो झोपी गेला आणि पहाटेपर्यंत तीनदा नाकबूल गेला. त्याचे प्रेम खोटे नव्हते. आपल्या प्रेमाच्या बळाचा त्याचा अंदाज चुकला होता. आणि त्याच बागेत, थोड्या अंतरावर, येशू स्वतः जमिनीवर पडून हा प्याला माझ्यावरून टळू दे असे मागत होता. आपल्याला हे मागणे शिकवणारा ते स्वतः जगला आहे. म्हणून ते म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

ज्यांनी कसोटी पाहिली त्यांनी काय सांगितले

आरंभीच्या मंडळीला हे अनुभवातून कळले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा इथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जाळून मारले. त्या हौतात्म्याचा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी एका माणसाची गोष्ट मुद्दाम आत ठेवली आहे. फ्रुगियाहून आलेला क्विंतुस नावाचा हा माणूस आपण होऊन पुढे झाला होता आणि इतरांनाही त्याने पुढे केले होते. श्वापदे समोर दिसल्यावर तो डगमगला आणि त्याने शपथ घेऊन बलीही दिला. वृत्तांत सांगतो की स्वतःहून हवाली होणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही. पॉलिकार्प मात्र आधी गावाबाहेर शेतावर जाऊन राहिला होता, आणि शोधत आले तेव्हा पळाला नाही.

इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बली द्यावा असे फर्मान काढले. बली दिल्याचे दाखले दिले जात. तसे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने कोसळले. सिप्रियन लपून राहिला आणि त्याबद्दल त्याला बोल लागला. परतल्यावर कोसळलेल्यांना पुन्हा आत घ्यायचे की नाही या वादात त्याची वर्षे गेली, आणि त्याच सुमारास त्याने प्रभूच्या प्रार्थनेवर पुस्तक लिहिले. या मागण्याविषयी तो जे लिहितो त्याचा रोख आपल्या दुर्बलतेच्या आठवणीवर आहे: हे म्हणताना कोणी स्वतःला मोठा समजू नये. ती दुर्बलता त्याने आपल्याच मंडळीच्या पडझडीत पाहिली होती. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. घडी आली तेव्हा तो उभा राहिला. ती आपण होऊन बोलावली मात्र नव्हती.

मग विश्वास वाढायचा कसा?

इथे एक रास्त आक्षेप येतो. आगीशिवाय सोने शुद्ध होत नाही. याकोबाचे पत्रच संकटांत आनंद माना असे सांगते, कारण त्यातून धीर येतो. कसोटी टाळणाऱ्याचा विश्वास कोवळाच राहणार नाही का?

ओरिगेन या ख्रिस्ती आचार्याने २३३ च्या सुमारास प्रार्थनेवर लिहिताना हा प्रश्न टाळलेला नाही. ईयोबाच्या पुस्तकाचा आधार घेऊन तो म्हणतो की पृथ्वीवरचे सगळे जगणेच ‘पेइरास्मोस’ आहे. गरिबाला त्याची गरिबी कसाला लावते, श्रीमंताला त्याची श्रीमंती. तेव्हा कसोटी कधीच येऊ नये असे मागणे अशक्य गोष्ट मागण्यासारखे होईल. आपण मागतो ते तिने आपल्याला गिळू नये म्हणून. पुढे डेसियसच्या छळात ओरिगेन कैदेत पडला, त्याचे हालहाल झाले आणि त्यातून सुटल्यावर फार दिवस तो जगला नाही. मला त्याचे विवेचन पटते आणि तरी त्यात थोडी भर घालावीशी वाटते.

कसोटीचे फळ असते, पण ते मागे वळून पाहणाऱ्याला दिसते. ज्याने सोसले त्याने, बऱ्याच काळानंतर, स्वतःच्या तोंडाने म्हणावे की त्या आगीने मला काहीतरी दिले. तसे म्हणण्याचा हक्क फक्त त्याचा. पुढच्या वाटेकडे पाहताना, स्वतःसाठीही, ही भाषा वापरायची नसते, आणि दुसऱ्याच्या वेदनेकडे बोट दाखवून तर कधीच नाही. याकोब ज्यांना आनंद माना म्हणतो ते सोसणारे लोक आहेत, आणि तो त्यांच्यातला एक म्हणून बोलतो. ओट्यावर बसून आत रडणाऱ्या आईला हे सांगायचा परवाना त्याने कोणाला दिलेला नाही. मागे वळून उमटणारी कृतज्ञता आणि पुढे पाहताना वाटणारी भीती ही दोन्ही प्रामाणिक असू शकतात. प्रभूची प्रार्थना सकाळी म्हणायची प्रार्थना आहे. दिवस पुढे पडलेला असतो, म्हणून तिच्यात भीतीला जागा आहे.

‘आम्हाला’

या मागण्यातला जो शब्द आपण सर्वांत कमी ऐकतो तो ‘आम्हाला’. सगळी प्रार्थनाच अनेकवचनात आहे. भाकर आमची, अपराध आमचे, आणि कसोटीही आमची. मी एकटा खोलीत म्हणतो तेव्हाही मला ‘मला’ म्हणता येत नाही.

हे अनेकवचन किती खोल जाते याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एकीकडे दारूच्या गुत्त्यातले हसणे ऐकू येत होते. दुसरीकडे टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी होती. आत जाऊन आपल्या निर्धाराची परीक्षा पाहावी असे त्याला सहज वाटले असते. त्याऐवजी त्याने एका पाळकाला फोन केला आणि बोलायला दुसरा कोणी दारुडा मिळेल का असे विचारले. त्यातून तो डॉक्टर बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला, दोघे तासन् तास बोलत बसले, आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात झाली. आज महाराष्ट्रातही त्यांच्या सभा भरतात. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की प्रत्येक कसोटीबरोबर देव बाहेर पडायची वाटही ठेवतो. विल्सनच्या बाबतीत ती वाट म्हणजे दुसरा माणूस होता, आणि तोही त्याच्यासारखाच घसरणारा.

पण अनेकवचनाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. आम्हाला तिथे नेऊ नकोस असे जो म्हणतो, त्याने दुसऱ्याला तिथे नेता कामा नये. नाहीतर तो देवाकडे जे मागतो ते स्वतःच्या हाताने मोडतो. लग्नाच्या मांडवात, आज एक चालतो रे, म्हणत दारू सोडलेल्या माणसाच्या हातात ग्लास देणारा ख्रिस्ती नातेवाईक सकाळच्या मिस्सेत हेच मागणे म्हणून आलेला असतो. हाताखालच्या माणसाला इतका तुटपुंजा पगार द्यायचा की त्याने गल्ल्याकडे पाहावेच, आणि मग त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायची, हेही त्यातलेच.

चर्चनेही हे केले आहे आणि ते आपण ऐकून घेतले पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मधली चारेक वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात जुने काही उरले आहे का याची पारख ते करी. १७३६ च्या फर्मानाने अंगणातल्या तुळशीपासून मीठ न घालता शिजवलेल्या भातापर्यंतच्या चालीरीतींवर बंदी घातली. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध गुपचूप सांगायचे, आणि ज्याच्यावर आळ आला त्याला आरोप करणाऱ्याचे नावही कळायचे नाही. कितीतरी कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेला कानडी मुलखात निघून गेली. त्या न्यायासनावर बसणारे हीच प्रार्थना म्हणत होते. तिच्यातला ‘आम्हाला’ त्यांनी फक्त स्वतःपुरता ठेवला आणि बाकीच्यांसाठी स्वतःच ‘पेइरास्मोस’ होऊन बसले. माणसाचे अंतःकरण कसाला लावण्याचा हक्क देवाच्या हातून काढून घेऊन आपल्या हाती घेतला की हेच होते.

त्या ओटीवर परत

“देव तुझी परीक्षा बघतोय,” असे त्या आईला सांगून जाणारा माणूस क्रूर नव्हता. त्याला काहीतरी बोलणे भाग होते आणि ओळखीचे शब्द तोंडात आले. पण त्या शब्दांनी त्याने देवाला परीक्षकाच्या खुर्चीत बसवले, मुलाच्या मरणाची प्रश्नपत्रिका केली आणि तिच्या रडण्याला गुण द्यायची तयारी केली. ईयोबाचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. ते बोलायला लागले, ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगू लागले, आणि शेवटी देवाला त्यांचा राग आला.

तिचे मागणे कुठे गेले याचे उत्तर मला माहीत नाही. गेथशेमाने बागेतले मागणे कुठे गेले तिथेच, एवढे मात्र मी म्हणेन. प्याला टळला नाही. त्यावरून बापाने मुलाची परीक्षा घेतली असे मी म्हणू शकत नाही, कारण तो मुलगा वाईटाच्या हाती गेला होता, आणि वाईट हे वाईटच असते. मत्तयाच्या प्रार्थनेत कसोटीच्या मागण्याला जोडूनच वाईटापासून सुटकेचे मागणे येते. देवाची जागा सोडवणाऱ्याची आहे हे त्यातून कळते. त्या तरुण पोराचा अपघात ज्या बाजूला मोडतो ती बाजू देवाची नव्हे. त्याला परीक्षा म्हणणे म्हणजे वाईटावर देवाचा शिक्का मारणे.

लूकच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही प्रार्थना कसोटीच्या मागण्यावरच संपते. पुढे सुटकेची ओळ नाही, महिमागान नाही, आमेनही नाही. जी बाई त्या ओळीपुढे जाऊ शकत नाही तिची प्रार्थना म्हणून मी ती आता वाचतो. आणि जी त्या ओळीपर्यंतही पोचू शकत नाही तिच्यासाठी अनेकवचन आहे. तिच्या घरची ती प्रार्थना झाल्यापासून मी हे मागणे म्हणताना ‘आम्हाला’पाशी थोडा रेंगाळतो. ती गप्प राहिली होती तेवढी जागा मनात मोकळी ठेवतो आणि तिच्या वाटचे ते शब्द माझ्या आवाजात म्हणतो. ती पुन्हा म्हणू लागेल तेव्हा परीक्षा म्हणो की मोह. तोवर तिचे मागणे कुणीतरी चालू ठेवले पाहिजे.